बी.कॉम.ला अर्थशास्त्र घेताय? आधी आकडा, मग व्याख्या

प्रवेशाच्या रांगेत 'कॉमर्स' आणि 'इकॉनॉमिक्स' हे दोन शब्द एका दमात उच्चारले, की मागून कुणीतरी म्हणतंच, "इकॉनॉमिक्स आर्ट्सला असतंय की!" मीही ऐकलंय. पलूसहून एस.टी.नं सांगलीला येऊन बी.कॉम. केलं, अर्थशास्त्राकडे वळलो, आता संध्याकाळी याच मुलांच्या शिकवण्या घेतो. त्या रांगेतल्या माणसाला दर जूनमध्ये जे उत्तर द्यावंसं वाटतं, ते इथं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

कॉमर्सच्या पोराकडे आर्ट्सच्या पोरापेक्षा एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे आकड्यांशी ओळख. ताळेबंद त्यानं पाहिलेला असतो. तरीही अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं की तो आकडे विसरतो आणि व्याख्या घोकायला लागतो. खालचं सगळं ही खोड मोडण्यासाठी आहे.

फॉर्म भरण्याआधी

सांगली जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे येतात. हे विद्यापीठ १९६२ चं. साताऱ्यात चित्र थोडं बदललंय. रयत शिक्षण संस्थेच्या तिथल्या मोठ्या कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज त्यात आहे. त्यामुळे साताऱ्याच्या मावसभावाच्या नोट्स मिळाल्या म्हणून हुरळू नका, त्याचा अभ्यासक्रम तुमचाच असेल असं नाही. सांगलीतही कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका त्याच्या स्वतःच्या असतात. (गाडगीळ कोण, हे त्या कॉलेजच्या दारातून रोज जाणाऱ्या मुलांनाही विचारून बघा. पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागचे अर्थतज्ज्ञ, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचं गाडगीळ सूत्र त्यांचंच.)

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली. सत्राला २२ क्रेडिट, ३ वर्षांत १३२. एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट. म्हणून काउंटरवर 'इकॉनॉमिक्स आहे का?' एवढंच विचारलं तर 'आहे' एवढंच उत्तर येतं, आणि ते निरुपयोगी असतं. असं विचारा: अर्थशास्त्र मेजर आहे, मायनर आहे की नुसतं ओपन इलेक्टिव्ह? पाचव्या-सहाव्या सत्रात त्याचे पेपर कोणते? आणि मागच्या वर्षी तो गट प्रत्यक्षात चालला का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मुलं कमी आली की गट बंद होतो आणि तुम्हाला अकाउंटन्सीच्या वर्गात बसवतात. माझ्या एका विद्यार्थिनीचं असं झालं, आणि तिला ते ऑगस्टमध्ये कळलं.

मायनर म्हणून मिळालं तरी नाराज होऊ नका. मायनरला १८ ते २० क्रेडिट असतात, म्हणजे पाया पक्का करण्याइतके. अकाउंटन्सी मेजर आणि अर्थशास्त्र मायनर ही जोडी नोकरीच्या बाजारात वाईट नाही, उलट बरीच बरी आहे.

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असेल तर जातीचा दाखला निकालाच्या आधीच तहसीलमध्ये अर्ज करून काढून ठेवा, जात पडताळणी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून होते, तीही उरकून घ्या. आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का, तेही बघा. यावर जास्त लिहीत नाही. दाखल्याच्या रांगेत उभं राहिल्यावर सगळं आपोआप समजतं.

बारावीला एस.पी. होतं की मॅथ्स?

आपल्याकडे बारावी कॉमर्सला मॅथ्स किंवा एस.पी., म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, असा पर्याय असतो, आणि निम्मी मुलं गणिताला घाबरून एस.पी. घेतात. बी.कॉम. त्यामुळे अडत नाही. पण पुढं एम.ए. किंवा एम.एस्सी. इकॉनॉमिक्स डोक्यात असेल तर पहिल्याच वर्षाच्या सुट्टीत रेषेचा उतार, दोन समीकरणं सोडवणं, टक्केवारी आणि साधं विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, एवढं करून घ्या. दोन महिने पुरतात.

विकलन का, ते उदाहरणानं बघू. एका छोट्या चटणी-मसाल्याच्या कारखान्याचा एकूण खर्च १०० + १०Q + २Q² असा धरा, Q म्हणजे नगांची संख्या. ५ नग काढायला खर्च येतो १०० + ५० + ५० = २००. ६ नगांना १०० + ६० + ७२ = २३२. म्हणजे सहाव्या नगाचा सीमांत खर्च, एक नग जास्त काढायला वाढलेला खर्च, ३२. आता विकलन केलं तर सीमांत खर्च १० + ४Q मिळतो. ५ वर तो ३० येतो, ६ वर ३४, आणि बरोबर मध्ये ५.५ वर ३२. म्हणजे कोष्टकातला सीमांत खर्च आणि सूत्रातला सीमांत खर्च या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक पायऱ्यांनी मोजलेला, दुसरा उतारावर मोजलेला. हे स्वतः वहीत केलं की सीमांत उपयोगिता, सीमांत प्राप्ती, सीमांत उत्पादकता ही सगळी भावंडं एका फटक्यात ओळखीची होतात.

शब्दांची वही

पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानाचे तीन रकाने करा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत, आणि आपल्या गावातलं एक उदाहरण. शिकवताना सर 'डिमांड' म्हणतात, पुस्तकात 'मागणी' असते, पुढच्या स्पर्धा परीक्षेत पुन्हा इंग्रजी. त्यात मराठी पुस्तकांतही एकवाक्यता नाही. कुणी सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र म्हणतं, जुन्या पुस्तकांत तेच अंशलक्षी आणि समग्रलक्षी. समवृत्ती वक्र आणि तटस्थता वक्र एकच. मी पहिल्या वर्षी हे दोन वेगळे वक्र समजून दोन्ही पाठ केले होते!

तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. 'अल्पाधिकार' लिहिलं, तर समोर 'आमच्या गावात मोबाइलचं नेट देणाऱ्या तीनच कंपन्या' असं काहीतरी आलं पाहिजे. उदाहरण सुचत नसेल तर तो शब्द अजून कळलेला नाही असं समजा.

सूक्ष्म अर्थशास्त्र: भडंग, बेदाणा, ऊस

इथं वेळ घाला. पहिल्या दोन सत्रांत हे पक्कं झालं की पुढची चार हलकी जातात.

लवचिकतेपासून, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो यापासून, सुरुवात करू, कारण गाइड वाचून सगळ्यात जास्त मुलं इथंच फसतात. समजा, कोपऱ्यावरच्या दुकानात भडंगाचं पाकीट ५० रुपयांना होतं आणि दिवसाला १२० पाकिटं खपत. भाव ६० केला, खप ९६ वर आला. गाइडच्या पद्धतीनं भाव २० टक्के वाढला, खप २० टक्के घटला, लवचिकता १, म्हणजे 'एकक लवचिक'. एकक लवचिक म्हणजे दुकानदाराचा गल्ला तेवढाच राहायला हवा. मोजून बघा: आधी ६,००० रुपये, आता ५,७६०. गल्ला २४० रुपयांनी कमी झाला! मग चुकलं कुठं?

व्याख्येत चूक नाही, पायात आहे. टक्केवारी जुन्या आकड्यावर काढली. भाव वाढताना पाया ५० धरला. उद्या भाव उतरून ६० चा ५० झाला तर पाया ६० होईल आणि लवचिकता वेगळीच येईल. म्हणून मध्यबिंदू पद्धत वापरतात. खपातला फरक २४, सरासरी खप १०८, म्हणजे २२.२ टक्के. भावातला फरक १०, सरासरी भाव ५५, म्हणजे १८.२ टक्के. भागाकार साधारण १.२२. मागणी लवचिक, म्हणून भाव वाढल्यावर गल्ला घटला. आता आकडा आणि गल्ला एकाच सुरात बोलतात. हे एक उदाहरण स्वतःच्या हातानं तीन वेळा सोडवलं की पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

पुरवठ्याच्या लवचिकतेसाठी तासगावला जा. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. ताजा माल तोडला की थांबता येत नाही, दलाल जो भाव देईल तो घ्यावा लागतो. पण बागायतदाराकडे दुसरी वाट असते: बेदाणा. माल शेडवर गेला, वाळला, कोल्ड स्टोरेजला ठेवला की तो महिनोन् महिने थांबू शकतो. म्हणजे 'नाशवंत वस्तूचा पुरवठा अलवचिक असतो' हे वाक्य ताज्या द्राक्षाला लागू, बेदाण्याला नाही. एकाच वेलीचा माल असून फरक कशानं पडला? साठवणुकीनं, म्हणजे वेळेनं. आता प्रश्न पुढं न्या: ताज्या द्राक्षाचा भाव पडला, सगळेच शेडवर गेले, तर सहा महिन्यांनी बेदाण्याच्या सौद्यांत काय होईल? हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी टाकतो. ज्यांच्या घरी बाग आहे, ती पोरं पुस्तक न उघडता बरोबर उत्तर देतात. मग त्यांना फक्त आलेख काढायला शिकवावं लागतं.

पूर्ण स्पर्धा शिकताना हळदीच्या सौद्यांना एकदा हजेरी लावा. मार्केट यार्डात हंगामात सकाळी जायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, बोलायचं नाही, लिहायचं. ढीग किती, बोली लावणारे किती, एकाच प्रतीच्या मालाला दोन ढिगांत किती फरक पडला. पुस्तक म्हणतं, ग्राहक-विक्रेते असंख्य आणि माहिती संपूर्ण. तुम्ही मोजा, बोली लावणारे खरंच असंख्य आहेत का? पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. उघड लिलाव आला तो 'माहिती' ही अट पुरी करायला. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत, तेही पुरवठ्याच्या वेळेशी खेळणंच होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'वस्तू एकजिनसी असते' या गृहीतकाला ते छेद देतं की नाही, यावर पाच ओळी लिहून बघा. परीक्षेत असा प्रश्न येणार नाही कदाचित, पण पाच ओळी लिहिणाऱ्याला मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा धडा वाचावाच लागत नाही.

आणि ऊस. सरकारनं ठरवलेली किंमत हा धडा आपल्या जिल्ह्यात पुस्तकातून शिकणं म्हणजे नदीकाठी राहून बाटलीतलं पाणी विकत घेणं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफ.आर.पी., १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.४६ रुपये जास्त. समजा, एका कारखान्याचा उतारा १२.२५ टक्के आहे. मूळ उताऱ्यापेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे ०.१ चे २० टप्पे. २० × ३.४६ = ६९.२०. क्विंटलला ४२४.२० रुपये, टनाला ४,२४२. हा दर कारखान्याच्या गेटवरचा, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ९०० धरली तर शेतकऱ्याच्या हाती ३,३४२. हे गणित तुमच्या आजोबांना तोंडपाठ आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर वर्षी ज्यावरून रान उठतं तेही हेच. तुम्ही त्यात एवढंच घालायचं: किमान किंमत मागणी-पुरवठा जुळतात त्या समतोल किमतीच्या वर असेल तर पुरवठा वाढतो, मग साखर जास्त होते, मग साखरेचा भाव दबतो, मग कारखान्याला एफ.आर.पी. द्यायला पैसे कमी पडतात. म्हणून २०१८ पासून साखरेलाही किमान विक्री दर लावावा लागला, तो २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये झाला. एक किंमत बांधली की दुसरी बांधावी लागते, आणि ही साखळी आलेखावर दोन चित्रांत दाखवता येते.

स्थिर आणि बदलत्या खर्चाचा धडा राहिला. त्यासाठी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना पुरेत. पंप, कालवे, पाइपलाइन हा स्थिर खर्च, पाणी उचलायची वीज हा बदलता. आवर्तन सुरू झालं नाही तरी पहिला खर्च चुकत नाही. पाणीपट्टी कशावर आधारायची, हा वाद इथूनच निघतो.

स्थूल अर्थशास्त्र: बातमी वाचायची कशी

राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ, पैसा, बँका, अंदाजपत्रक. यात पाठांतर जास्त वाटतं, कारण संस्था आणि सालं बरीच असतात. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरण, २०१६ पासून पतधोरण समिती ६ सदस्यांची, चलनवाढीचं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. एवढं लिहून भिंतीला चिकटवा आणि पुढं चला.

खरा अभ्यास साधारण दर दोन महिन्यांनी पतधोरण जाहीर होतं त्या दिवशी करायचा. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, बदलला की नाही, समितीत मतं कशी पडली, चलनवाढीचा अंदाज काय, हे तीन आकडे वहीत. असं तीन वर्षं केलं तर तुमच्याकडे १८ नोंदी होतील. कुठल्याच गाइडमध्ये एवढी सलग नोंद मिळत नाही. १ फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकातून महसुली तूट आणि राजकोषीय तूट हे दोनच आकडे उतरवा. बाकी भाषण चवीपुरतं ऐका.

जी.डी.पी.चा किंवा महागाईचा आकडा लिहिताना आधारवर्ष लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. मालिका बदलतात, जुन्या पुस्तकातला आकडा आणि आजच्या बातमीतला आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर उत्तर चुकतं.

बँकिंगचा भाग आपल्याकडे नुसता पेपरपुरता नाही. माझ्या आत्याची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती. ती सारखी म्हणायची, "बँकेतच ठेवले होते की रे पैसे." ती बँक नव्हती. पतसंस्था ही १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली संस्था, तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण नाही. नागरी सहकारी बँकेला आहे, कारण ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येते. पाटीवर दोन्हींच्या नावापुढं 'सहकारी' असतं, काउंटरही सारखेच दिसतात. 'वित्तीय मध्यस्थ' हा धडा वाचताना आपल्या घरातली सगळी पासबुकं काढून कुठलं कुणाचं ते लावा. आईला आश्चर्य वाटेल, पण एखादं पासबुक वेळेत हलवलंही जाईल.

संख्याशास्त्र

मध्य, मध्यगा, बहुलक, प्रमाणित विचलन हे सगळं कॅल्क्युलेटरवर जमतं, त्यावर शब्द खर्चत नाही. निर्देशांक मात्र स्वयंपाकघरात शिका. घरचं महिन्याचं सामान घ्या: शाळू १० किलो, तेल २ लिटर, गॅस १ टाकी. मागच्या वर्षीचे भाव ४०, १५० आणि ९०० धरा, म्हणजे खर्च ४०० + ३०० + ९०० = १,६००. यंदा भाव ५०, १६५ आणि ९००, म्हणजे ५०० + ३३० + ९०० = १,७३०. १,७३० ला १,६०० नं भागून शंभरनं गुणलं की निर्देशांक १०८.१. हा लास्पेअरचा, कारण प्रमाण जुनं धरलं. पण शाळू महागला म्हणून आईनं भाकऱ्या कमी करून चपात्या वाढवल्या असतील, तर महागाई या आकड्याइतकी बोचली नाही. पाशेचा निर्देशांक नवं प्रमाण धरतो, फिशर दोघांचा गुणोत्तर मध्य काढतो. तीन सूत्रं पाठ करायची गरज पडली नाही ना?

दिवस कसा लावायचा

सकाळचं कॉलेज, येण्या-जाण्यात दीड-दोन तास आणि घरी पोहोचल्यावर शेतातलं काम, हे आपल्याकडच्या निम्म्या मुलांचं वेळापत्रक. त्यांना 'रोज सहा तास अभ्यास करा' सांगणं म्हणजे थट्टा. एस.टी.त आलेख काढता येत नाही, पण शब्दांची वही वाचता येते. घरी एकच तास, तोही पेन्सिल हातात घेऊन: एक आलेख, एक उदाहरण. रविवारी आठवड्याचे सगळे आलेख पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर. काम करून शिकणाऱ्यांनी कॉलेजमध्ये कमवा आणि शिका योजनेची चौकशी करावी. भाऊराव पाटलांनी ही रीत साताऱ्यातच रुजवली, आणि ग्रंथालयात काम मिळालं तर पुस्तकं आपोआप हाताशी येतात.

माहिती मराठीतून हवी असेल तर दोन सरकारी प्रकाशनं जवळ ठेवा: अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी', जी दर वर्षी राज्याच्या अंदाजपत्रकाच्या तोंडावर येते, आणि त्याच खात्याचं सांगली जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन'. दुसऱ्यात तालुक्यावार पेरणीपासून बँक शाखांपर्यंत आकडे असतात. स्वयम् पोर्टलवरचे मोफत अभ्यासक्रमही चांगले आहेत. त्यांची क्रेडिट तुमच्या पदवीत धरली जातील का, हे मात्र नाव नोंदवण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या.

पेपर लिहिताना

मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून मिळवा आणि कुठल्या घटकावर किती गुण येतात याचं कोष्टक करा. हे कोष्टक स्वतः केलं पाहिजे, झेरॉक्सच्या दुकानातलं 'आय.एम.पी.' नको. अभ्यासक्रम बदलला असेल तर जुने प्रश्न घटकनिहाय लावून घ्या.

उत्तराची मांडणी अशी ठेवा: दोन ओळींत अर्थ, मग कोष्टक, मग आलेख, मग आलेखाचं स्पष्टीकरण, मग गृहीतकं, शेवटी एक अपवाद किंवा टीका. आलेखाला अक्षांची नावं, वक्राचं नाव, समतोल बिंदू आणि खाली शीर्षक. पट्टीनं काढा. वक्र मात्र हातानंच येऊ द्या, वाकडा आला तरी चालतो. स्पष्टीकरणात 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' एवढंच लिहून सोडू नका, 'किंमत OP वरून OP१ झाली तेव्हा मागणी OQ वरून OQ१ पर्यंत घटली' असं बोट ठेवून लिहा. तपासणारा आधी आकृती बघतो, मग आकृती आणि मजकूर जुळतात का ते बघतो. मी पहिल्या सत्रात चार पानं भरून मागणीचा नियम लिहिला होता, आकृतीत मात्र किंमत आडव्या अक्षावर टाकली. गुण किती मिळाले ते सांगत नाही.

मराठीतून लिहिणार असाल तर पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येताना शेजारी इंग्रजी शब्दही लिहा, परीक्षकाला शोधाशोध करावी लागत नाही.

प्रकल्प

'सांगली जिल्ह्यातील बेरोजगारीचा अभ्यास' हे शीर्षक दर वर्षी कुणीतरी घेतं, आणि दर वर्षी तोच प्रकल्प नवं मुखपृष्ठ लावून जमा होतो. जिल्हा तुमच्या आवाक्यात नाही, एक गल्ली आहे. 'गणपती पेठेतील ३० किराणा दुकानांत रोख आणि यू.पी.आय.चं प्रमाण' घ्या. 'आमच्या गावातील २५ बेदाणा उत्पादकांनी माल किती महिने साठवला आणि का' घ्या. किंवा २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या दुकानदारांनी भांडवल कुठून उभं केलं ते विचारा.

प्रश्नावली १२ प्रश्नांच्या वर नेऊ नका. दुकानदार गिऱ्हाईक सोडून तुमच्याशी बोलत असतो. उत्पन्न थेट विचारलं की माणूस गप्प होतो. 'सणाच्या महिन्यात आणि आषाढात विक्रीत किती पट फरक पडतो?' असं विचारा, तो हसून सांगतो. आधी पाच जणांवर प्रश्न तपासून घ्या, जिथं सगळे अडतात तो प्रश्न बदला. आकडे एक्सेलमध्ये भरा, दोन कोष्टकं आणि एक स्तंभालेख पुरे. निष्कर्षात तेवढंच लिहा जेवढं ३० दुकानांनी सांगितलं. 'यावरून भारतात डिजिटल क्रांती झाली आहे असे दिसून येते' हे वाक्य मी आजवर किती प्रकल्पांतून खोडलं, त्याची गणती नाही.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ठरवायचं

सहावं सत्र संपल्यावर विचार सुरू केला तर बऱ्याच परीक्षांचे अर्ज निघून गेलेले असतात. म्हणून पाचव्या सत्रातच बसून ठरवा.

अर्थशास्त्रातच पुढं जायचं असेल तर कोल्हापूरला विद्यापीठात एम.ए., पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी., किंवा जॅम ही आय.आय.टी.ची प्रवेश परीक्षा, जिच्यात २०२१ पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे. जॅम द्यायची तर वर सांगितलेलं गणित पुरणार नाही, त्याच्या दुप्पट लागेल. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यू.पी.एस.सी. घेते, पण तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, बी.कॉम.वर बसता येत नाही. हे माहीत नसल्यानं वर्ष घालवलेली मुलं मी पाहिलीत. बँकांच्या लिपिक आणि पी.ओ. परीक्षांना मात्र कुठलीही पदवी चालते.

सी.ए.कडे वळायचं असेल तर कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के गुण असले की फाउंडेशनशिवाय थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. सहा सत्रांची बेरीज ५४ वर अडकली तर जीव जळतो, म्हणून ही रेघ पहिल्या वर्षापासून लक्षात ठेवा.

आपल्या भागात एका परीक्षेकडे फार कमी मुलं बघतात: सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेखाकर्मातली शासकीय पदविका. पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था, बँका यांचं जाळं जितकं सांगली-साताऱ्यात आहे तितकं थोड्याच ठिकाणी असेल, आणि त्यांचं लेखापरीक्षण, वसुली, व्यवस्थापन यांसाठी सहकार कायदा जाणणारी माणसं लागतातच. बी.कॉम.च्या अकाउंटन्सीला अर्थशास्त्राची जोड आणि वर ही पदविका, असं असलं की पुण्याला न जाताही काम मिळतं.

चौथ्या वर्षाचा ऑनर्स घ्यायचा का, हे सहाव्या सत्रापर्यंतच्या गुणांवर ठरेल. संशोधनासह ऑनर्स करायचा तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षं केली की पुढची एम.ए. एका वर्षात होते, तीनच केली तर दोन वर्षं लागतात, म्हणजे वर्षांची बेरीज सारखीच. फरक कॉलेजचा आणि शहराचा पडतो. चौथं वर्ष सांगलीत, घरून डबा नेऊन होतं. एम.ए.ची दोन वर्षं पुण्यात काढायची तर खोलीभाडं, मेस आणि येण्या-जाण्याचा खर्च धरावा लागतो. वहीचं शेवटचं पान उघडा, दोन्ही वाटांचा खर्च समोरासमोर मांडा, आणि एक रकाना वाढवा: त्या वर्षात नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार. त्याला संधी खर्च म्हणतात, पहिल्या सत्रातल्या पहिल्या घटकात येतो.